चावीवाल्या काकांचं भिंतीतलं भोक

आमच्या शेजारचे चावीवाले काका वाईट माणूस आहेत, असं मी कधी म्हटलं नाही. मी फक्त लिहून ठेवत होते. सकाळी देवापुढे दिवा लावून झाला की वहीत चार ओळी लिहायच्या, ही माझी तीस वर्षांची सवय. गेल्या वर्षीची वही उघडली, तर पहिल्या पानावर देवाचं नाव आणि पुढे सगळीकडे काकाच.

माणूस तसा साधा. बाजाराच्या तोंडाशी कपाटाएवढ्या टपरीत चाळीस वर्षं चाव्या बनवल्या. आमच्या गल्लीतलं एक कुलूप असं नाही जे त्यांच्या बोटांना ठाऊक नाही. आमच्या मागच्या दाराचंही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी टपरी बंद केली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कामात गुंतलेला चावीवाला परवडला, रिकामा नको.

रिकामे झाल्यावर त्यांनी मागचं अंगण बिघडवायला घेतलं. गवत कापणं बंद. वाळका पाला कोपऱ्यात तसाच ढीग करून ठेवलेला, शेजारी ओंडके रचलेले. काकूंचा कपडे धुवायचा मोठा टब काठापर्यंत जमिनीत पुरला, पाणी भरलं, आत दगडांच्या पायऱ्या केल्या. आणि तारेवर ओळीनं जुनी कुलपं टांगली, चावीची भोकं बाहेर करून. मी मोजली. सव्वीस.

"सराव चाललाय," मी ह्यांना म्हटलं.

"कसला?"

"हाताची सवय जाऊ नये म्हणून. कळत कसं नाही तुम्हाला?"

पेपरातून मान वर न काढता हे म्हणाले, "आपल्या घरात नेण्यासारखी एकच वस्तू आहे, तुझी वही. ती नेली तर मी स्वतः त्यांना चहा पाजीन."

मग भिंतीचं प्रकरण झालं. दोन अंगणांमधली भिंत दोघांच्या मालकीची. एका सकाळी कुंड्यांना पाणी घालायला गेले, तर भिंतीच्या तळाशी चार बोटं उंच, वीतभर रुंद भोक. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या. उंदीर काही कानस वापरत नाही.

काकांना विचारलं, तर म्हणाले, "ताई, येण्याजाण्याला वाट हवी ना."

"कोणाच्या?"

"ज्यांना हवी त्यांच्या," आणि हसले.

हे उत्तर मी जसंच्या तसं वहीत उतरवलं. सरळ मनाचा माणूस असं बोलतो का? आज भोक, उद्या खिंडार.

त्याच आठवड्यात मी दोन कामं उरकली. बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानातून कडी आणून मागच्या दाराला आतून बसवली, कोणाला न सांगता. आणि सिमेंट कालवून भोक बुजवलं. देवाचं नाव घेऊनच बुजवलं, खोटं कशाला सांगू.

काका काही बोलले नाहीत. त्यानं तर संशय वाढलाच. भांडणाऱ्याचं कळतं तरी, गप्प बसणारा मनात काय शिजवतो ते देवच जाणे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी हवा दमट होती. वाळत घातलेले कपडे काढायला मागे गेले आणि थबकलेच. बुजवलेल्या जागेसमोर बेडूक बसले होते. नऊ. खडबडीत अंगाचे, भिंतीकडे तोंड करून, बंद दुकानापुढे गिऱ्हाईकं बसतात तसे. एक जण सारखा सिमेंटवर उडी घ्यायचा, आपटायचा, पुन्हा जागेवर यायचा. आणखी दोन मागून येत होते. माझ्या कुंड्यांखालून! मी अंगण दिवसातून दोनदा झाडते, आणि तिथे अकरा जणांचा संसार चालला होता.

तेवढ्यात पलीकडून काकूंचा आवाज आला. "या वर्षीही तुमचा टब रिकामाच. तीन वर्षांत एक अंडं नाही. निदान माझे कपडे तरी धुऊन झाले असते."

"येतील. वाट बुजलीये. उद्या बोलतो."

"कोणाशी, बेडकांशी?"

"ताईंशी. घाबरल्यात त्या. आपणच आधी नीट सांगायला हवं होतं."

"आणि बेडूक उद्यापर्यंत थांबणार होय? तुम्हीच म्हणता ना, पाण्यात उतरायचे त्यांचे दोनतीनच दिवस असतात वर्षातून."

अंडी घालायला निघालेल्या जिवांची वाट अडवायची आणि उद्या सकाळी पुन्हा देवापुढे दिवा लावायचा? मी भिंतीवरून हाक मारली, "काका, छिन्नी आहे का हो?"

दोघं दोन बाजूंनी फोडायला बसलो. "सिमेंट झकास कालवता हं ताई," पलीकडून काका म्हणाले. टोमणा की कौतुक, ते कळलं नाही. तुळतुळीत कडांचं कोणाला पडलंय, वाट झाली एवढं पुरे. पहिला बेडूक माझ्या मनगटाला घासून गेला. थांबणं नाही, वळून बघणं नाही.

फोडता फोडता मी कुलपांचंही विचारून घेतलं.

"चाळीस वर्षं लोक बोलावून न्यायचे, किल्ली आत जात नाही म्हणून," ते म्हणाले. "बघावं, तर कुंभारीण माशीनं भोकात मातीचं घर केलेलं. तार घालून उकरायचं, आतल्या अळ्यांसकट. फार घरं मोडली ताई. ही कुलपं उघडायला मला कोणी बोलावणार नाही."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बघायला बोलावलं. आधी कुलपं पाहिली. सव्वीसपैकी सात मातीनं बंद होती, म्हणजे तेवढं तरी खरं. टबात पाण्याखाली काळ्या मण्यांची लांबच लांब माळ पानांना गुंडाळलेली. जपमाळच जणू. माझे हात आपोआप जोडले गेले. काका टबाशी उकिडवे बसले होते. डोळे पुसायचे होते, पण हात चिखलाचे.

काकूंनी कपाळावर हात मारला. "झालं! आता टब या जन्मात परत मिळत नाही."

निघताना काका हळूच म्हणाले, "ताई, मागच्या दाराची कडी चांगली आहे. स्क्रू तेवढे आखूड पडलेत. थांबा, लांब देतो."

कडी आतून आहे. ते दार मी कधी उघडं टाकत नाही.

घरी येऊन मी त्यांनीच दिलेले लांब स्क्रू घट्ट पिळून बसवले. मग वही काढली आणि लिहिलं, काकांना कसं कळलं?