चेंडू येण्याआधी

रेनातो दुकानात दूध घ्यायला गेला तरी आधी उजव्या, मग डाव्या खांद्यावरून मागे बघायचा. दुबईजवळच्या अजमानच्या रस्त्यावर पहिल्यांदा त्याच्यासोबत चाललो तेव्हा मला वाटलं, याच्या मागावर कोणीतरी आहे. घाबरून मीही मागे बघू लागलो.

"कोणी नाही, सावंतभाई," तो हसला. "सवय आहे. चेंडू येण्याआधी बघायचं. आल्यावर काय, सगळेच बघतात."

उमेदीची वर्षं इटलीत मिडफिल्डर म्हणून खेळून तो इथल्या एका लहान फुटबॉल क्लबात कारकीर्द संपवायला आला होता. मी त्या क्लबचा फिजिओ. बोलणं तोडक्यामोडक्या इंग्रजीत; 'सावंतभाई' हे क्लबच्या भारतीय माळ्यांकडून उचललेलं. "गोल करणाऱ्याचं नाव छापून येतं," तो म्हणायचा, "पास देणारा खेळला होता हे फक्त त्याच्या बायकोला कळतं. तेही कपडे धुताना." किंवा मालिश करताना, "पाय सोड, हबीबी. पाय गाढवालाही असतात. मान बघ, मी मानेवर जगतो."

एकदा सरावात त्याचं डोकं दुसऱ्याच्या डोक्यावर आपटलं. हसतच उठला. पण त्यानंतर तो डावीकडे बघेना. मालिशच्या टेबलावर मी त्याची मान डावीकडे वळवली, तर त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"चक्कर येते?"

"जेवलो नाही."

"रेनातो, डॉक्टरला सांगावं लागेल."

"या येत्या मॅचनंतर सांग. मग खलास, खेळणं बंद. माझी मुलगी मॅच बघायला येतेय. शाळकरी वयात तिला माझी लाज वाटायची, एकदाही बघायला आली नाही. आता स्वतःहून येतेय."

माझे हात त्याच्या मानेवरच होते. तरी मी मान डोलावली. मॅचच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "सगळे फिट?" मी म्हणालो, "फिट."

ती मॅच मी बघितली नाही. मी फक्त त्याची डावी बाजू बघत होतो. तिकडून कोणी धावत आलं की मी बाकावरून अर्धा उठायचो. उत्तरार्धात डावीकडूनच एक जण येऊन धडकला. रेनातोला तो दिसलाच नव्हता. मी धावलो.

"पाणी दे, सावंतभाई. यल्ला, चल, उठतो."

"पहिला हाफ चालू आहे की दुसरा?"

त्याने विचार केला. "पहिला."

खेळाडू बदला, हे बाकावरच्यांना सांगायला आम्ही दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवतो. मी हात उचलले, तर त्याने माझी दोन्ही मनगटं पकडली. "नको. ती बघतेय." पकड सुटेना. शेवटी मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "चेंज! चेंज!"

त्याने हात सोडले. मैदानाबाहेर जाताना एकदाही मागे बघितलं नाही.

हॉस्पिटलमध्ये कळलं की मेंदूजवळ रक्त साकळलं होतं. तो वाचला, खेळ कायमचा सुटला. मी रोज जायचो. मुलीशी बोलायचो, त्याच्याकडे बघायचा धीर व्हायचा नाही.

ते दोघं मायदेशी निघायच्या दिवशी विमानतळावर मुलगी ट्रॉली ढकलत होती. त्याने मला मिठी मारली आणि हळूच विचारलं, "चेंडू येण्याआधी तू बघितलं होतंस ना, सावंतभाई?"

"हो."

"मग पास इतका उशिरा का दिलास?"

तो हसत होता. मला हसता आलं नाही. आजही टेबलावर कोणाची मान वळवायची झाली की आधी माझे हात गार पडतात.