पांढऱ्या अंड्यांचं घरटं

आर्डिस टॉलेफसनचा अंदाज चुकलेला गावात कुणाला आठवत नाही. चौतीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांचं जेवण रांधलं. सकाळी बस आल्या की खिडकीतून एक नजर टाकायची आणि सांगायची, "आज बटाटे एक पातेलं कमी लावा." निवृत्त झाल्यावर तीच नजर परसातल्या लाकडी पेटीकडे वळली. सफरचंदाच्या झाडापलीकडे लोखंडी खांबावर बसवलेली पेटी, खाली अंडी पळवणारा रॅकून चढू नये म्हणून पत्र्याचं नळकांडं, आणि दर वसंतात येणारी ब्लूबर्ड या छोट्या निळ्या पक्ष्यांची जोडी. आठवड्यातून एकदा पेटीवर दोन टकटक, बाजूचं दार उघडून आरशानं आत डोकावणं, मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नोंद. अंडी पाच. पिल्लं पाच. उडाली. नऊ वर्षांत कुठं खाडाखोड नाही.

या वर्षी मात्र चौकोनाचौकोनात प्रश्नचिन्हं होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात ती डलूथला बहिणीकडे, व्हर्डेलकडे गेली होती. व्हर्डेलच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. अकरा तारखेला परत आल्यावर पेटी उघडली तर गवताच्या नीटस वाटीत पाच अंडी होती, पण पांढरी. ब्लूबर्डची अंडी फिकी निळी असतात. ही दुधासारखी. नर समोरच्या तारेवर बसून तिच्याकडे बघत होता.

तालुक्यातल्या सगळ्या पेट्यांची देखरेख करणाऱ्या मार्व्हेल झास्ट्रोला तिनं फोन लावला.

"ठिपके आहेत?" मार्व्हेलनं विचारलं.

"एकही नाही."

"मग चिमणीची नाहीत. शंभरातल्या चार-पाच माद्या पांढरी घालतात. शेवटच्या अंड्यापासून चौदा दिवस मोज."

चौदा झाले, वीस झाले. जून उजाडला. टकटक केली की मादी भुर्रकन बाहेर येई आणि आर्डिस चार पावलं मागं सरली की पुन्हा आत. अंडी तशीच. आर्डिस रोज कॅलेंडरपुढं उभी राहून बोटांवर मोजायची आणि रोज तेच उत्तर यायचं.

"फेकून दे," तिचा नवरा ऑर्लिन म्हणाला. "फ्रिजमधली अंडी एवढी जुनी झाली तर तू मला त्यांच्या जवळ फिरकू देत नाहीस."

"आत जीव असला तर?"

"मग ठेव."

"आणि नसला तर? ती अशीच बसून राहील. उन्हाळा संपेल आणि दुसऱ्यांदा घालायची वेळ निघून जाईल."

"अगं, दोन्ही उत्तरं तुझी तूच देतेस. मला विचारतेस कशाला?"

मार्व्हेलचं म्हणणं सरळ होतं. आई बसतेय तोवर हात लावायचा नाही, आणि नंतरही रानपक्ष्याचं अंडं घरात ठेवायचं नाही, कायदाच आहे. आर्डिसला हे पाठ होतं. पण पाठ असलेल्या गोष्टीनं तिचं समाधान होईना.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी दोघं रुबार्बचा केक खात बसली होती. ऑर्लिन सहज म्हणाला, "चिमण्यांनी तरी या वर्षी पिडलं नाही. मी वेळेवर बंदोबस्त केला."

"कसला बंदोबस्त?"

"तू डलूथला होतीस ना, तेव्हा घातली होती त्यांनी पेटीत अंडी. तू शिकवलंस तसंच केलं. खळखळ हलवली आणि परत ठेवली."

पेट्या सांभाळणारे सगळेच हे करतात. बाहेरून आलेल्या चिमणीला कायद्याचं संरक्षण नाही, आणि ती ब्लूबर्डला हुसकून पेटी बळकावते. तिची अंडी काढून टाकली तर ती लगेच नवी घालते. जोरात हलवली की आतला जीव मरतो, पण परत ठेवल्यामुळे ती त्यांच्यावरच बसून राहते.

आर्डिसनं काटा खाली ठेवला. "रंग?"

"पांढरा. म्हणून तर. निळी असती तर मी कशाला हात लावला असता?"

"आत ब्लूबर्डचं गवत होतं, की चिमणीची पिसं आणि चिंध्या?"

"ते कोण बघतं? तू म्हणालीस, निळी असली तर हात लावू नकोस, नसली तर हलव."

शब्द तिचेच होते. तिला भांडायचं होतं, पण सुरुवात कुठून करावी ते कळेना.

"किती होती?"

"तीन."

तिनं पुन्हा बोटांवर मोजलं. पेटीत पाच होती. म्हणजे दोन नंतरची. त्यांना तर कुणी हलवलं नव्हतं. मग त्यांतून पिल्लं का निघाली नाहीत?

मार्व्हेललाही सांगता येईना. "त्या आठवड्यात बर्फ पडलं होतं. किंवा नरातच काही खोट असेल. किंवा ऑर्लिन. आर्डिस, मला खरंच माहीत नाही."

मंगळवारी टकटक केली तर कुणी बाहेर आलं नाही. बुधवारी, गुरुवारीही नाही. अंडी हाताला गार लागली. मार्व्हेलला विचारून तिनं ती लायलॅकच्या झुडपाखाली ठेवली आणि पेटी खरवडून रिकामी केली. एक अंडं मात्र बराच वेळ तिच्या तळहातावर होतं.

"फोडून बघ," ऑर्लिन म्हणाला. तोही दोन दिवस धड जेवला नव्हता.

"फोडून काय कळणार? मेलं एवढंच. कशानं, ते नाही कळणार."

दहा दिवसांनी पेटीत नवं गवत आलं. पेटी रिकामी केल्यापासून दोन आठवड्यांनी आर्डिसनं आरसा आत धरला. एक अंडं होतं, पांढरं.

ऑर्लिन मागं येऊन उभा राहिला. "मी काय करू?"

"हात खिशात घाल."

त्यानं दोन्ही हात खिशात घातले. मग म्हणाला, "बघू तर देशील?"

तिनं आरसा त्याच्या डोळ्यांच्या बाजूला तिरपा केला.