लाईट गेल्यावरचा सेकंड हाफ

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि बहुतेक वेळा त्यांतली फट शोधून काढते. दार वाऱ्यानं लागलं असेल, सांगणाऱ्याला ताप असेल, वगैरे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे सगळी नोकरी एका कॉलेजच्या लायब्ररीत केली. कुठलीही गोष्ट हातात आली की तिचं कपाट कोणतं, हे आधी ठरवायची सवय. भूतखेत, अंगात येणं, संकेत मिळणं… यांचं कपाट माझ्या लेखी ‘कथा-कादंबऱ्या’. पण एक गोष्ट गेली काही वर्षं माझ्याकडे तशीच पडून आहे.

ईरा आणि निहार ही माझी नातवंडं अमेरिकेत असतात. मागे फोनवर निहार म्हणाला, "आजी, यंदाचा फुटबॉल वर्ल्ड कप आमच्याकडे आहे. तू ये, आपण स्टेडियममध्ये जाऊ." मी नाही म्हटलं. तो हिरमुसला. का नाही, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. पोरांनो, अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या. बाकीच्यांनी सोबत बसून ऐकलं तरी चालेल.

आमचं घर नागपुरात, धरमपेठेत, पहिल्या मजल्यावर. हॉलमध्ये टीव्हीसमोर दोन वेताच्या खुर्च्या, एकमेकींना अगदी लागून. डावी तुमच्या आजोबांची, उजवी देवरावांची. देवराव म्हणजे तुमचे देवआजोबा, गोळीबार चौकातले. त्यांच्या घरी हातमाग होता, पण देवराव पोस्टात लागले. कॉलेजच्या वयात दोघे एकाच टीममध्ये खेळायचे. आजोबा पुढे, देवराव गोलकीपर. सायकलवर डबलसीट कामठीला जाऊन मॅच खेळून यायचे आणि गुडघे फोडून घ्यायचे.

पुढे काचबिंदूनं देवरावांची दृष्टी गेली. पूर्ण. त्यानंतर आलेल्या पहिल्याच वर्ल्ड कपला आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्वतः कॉमेंट्री सुरू केली. बॉल कुठे आहे, हे न दिसणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? तर त्यांनी मैदानावर नागपूर बसवलं. डावा गोल म्हणजे सीताबर्डी, उजवा म्हणजे कामठी, मधली रेषा म्हणजे इंदोरा चौक. "सीताबर्डीवरून निघाला… इंदोऱ्यावर दोघांनी घेरला… सुटला गा, सुटला… कामठी आली… अन् देव्यानं पकडला." कारण गोलकीपर कुठल्याही देशाचा असो, आजोबांच्या तोंडी तो देव्याच. दोन्ही बाजूंना देव्या. बॉल गोलजवळ आला की आजोबा देवरावांच्या मनगटावर बोटांनी ताशा वाजवायचे. हाफ टाईमला संत्री. मीठ-मिरपूड लावलेली, सोलून, एकेक फोड हातात. मैदानावर त्यांचा कॅप्टन तशी वाटायचा म्हणून घरीही तसंच. त्याआधी मागितली तर मिळायची नाहीत, मला सुद्धा. आणि मॅच चालू असताना मी काही विचारलं, गॅस संपल्याचं सांगितलं, तरी उत्तर नाही. फक्त एक हात वर व्हायचा. थांब.

निहार, तू तेव्हा लहान होतास. त्या दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत पाय अडकवून घेतला होतास आणि दोघांपैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. आठवतं का?

आजोबा गेले. मी डाव्या खुर्चीवर चादर घातली. देवराव येईनासे झाले. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांची सून संगीता घरी आली, चपलाही नीट न काढता बसली आणि म्हणाली, "काकू, बाबा बोलतच नाहीत. दोन घास खातात अन् उठतात. डॉक्टर म्हणे शरीराले काही नाही झालं. असंच राहिलं तर थंडी काढत नाहीत ते. आता वर्ल्ड कप आहे ना… मी आणून सोडते त्याईले. तुम्ही दाखवाल?"

दाखवाल हा शब्द तिच्या तोंडून सहज गेला. मी हो म्हटलं. फुटबॉलमधलं मला काय येतं, हा विचार ती गेल्यावर केला.

तो कतारचा वर्ल्ड कप. सामने आपल्याकडे दुपारीही असायचे. मंगळवार होता, अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया. संगीतानं देवरावांना उजव्या खुर्चीत बसवलं आणि ती गोकुळपेठच्या बाजारात गेली. मी चादर काढली, पण डाव्या खुर्चीत बसले नाही. बसायला वेताचा मोडा ओढून घेतला.

आणि कॉमेंट्री सुरू केली.

"बॉल डावीकडे आहे."

"कोणाच्या डावीकडे, वहिनी?"

मला सांगता येईना. सीताबर्डी-कामठी म्हणायला जीभ धजेना. ते आजोबांचं होतं. थोड्या वेळानं अर्जेंटिनाचा गोल झाला. मी तो जाहीर केला. देवरावांनी विचारलं, "कसा मारला?" मी म्हटलं, "पायानं." त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. पुढे अर्जेंटिनानं आणखी तीनदा बॉल जाळीत घातला आणि तिन्ही वेळा ऑफसाईड म्हणून रद्द झाला. मी गोल म्हणायचे आणि लगेच परत घ्यायचे. ते काठीवर हनुवटी टेकवून बसून राहिले.

हाफ टाईमला मी संत्रं सोललं. आंबिया बहाराची संत्री त्या वर्षी छान होती. फोडी त्यांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी मूठ तशीच मांडीवर ठेवली. "संगीताले बोलवा, वहिनी. घरी जातो. मले काही दिसून नाही राहिलं."

इतकी वर्षं आंधळा असलेला माणूस आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा बोलला.

तेवढ्यात लाईट गेली. पूर्ण गल्लीची गेली, कारण समोरच्या इमारतीतल्या पिठाच्या गिरणीचा आवाजही बंद पडला. आमच्या इन्व्हर्टरवर फक्त दिवे-पंखे आहेत, टीव्ही नाही. मी आत जाऊन संगीताला फोन लावला. ती म्हणाली भाजी घेऊन तासाभरात येते. मी परत हॉलमध्ये आले.

देवराव खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. डावा हात लांब करून आजोबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवलेला, मनगट वर. मान किंचित तिकडे कललेली. आणि ते बोलत होते… माझ्याशी नाही.

"हाव… इंदोरा… हाव, पुढं सांग ना बे."

मला वाटलं, झालं, डोकं फिरलं. संगीताला काय सांगू? मी हाक मारली, "देवराव." त्यांनी उजवा हात वर केला. थांब. अगदी तसाच.

मग ते एकदम मागे टेकले. "झाला," म्हणाले. "बराबरी झाली." थोड्याच वेळात पुन्हा, "काय म्हणतो? दुसरा?" आणि ते हसले. दीड वर्षात कोणी ऐकलं नसेल असं हसले. "काहून बे, फेकून राहिला का? अर्जेंटिनाले?"

मी मोड्यावर बसले. टीव्ही काळा. त्यात खिडकीचं ऊन आणि आम्ही दोघं दिसत होतो… दोघंच. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मला काही ऐकू आलं नाही. एक शब्द नाही. पण देवरावांच्या मनगटाची कातडी मधूनच दबल्यासारखी व्हायची, का मला तसं वाटायचं, आणि त्यांची दुसऱ्या हाताची बोटं बॉल अडवल्यासारखी उघडायची. "देव्यानं अडवला? परत? घ्या…" असं बराच वेळ चाललं. त्या वेळात त्यांनी संत्र्याच्या फोडी एकेक करून खाल्ल्या. निम्म्या. उरलेल्या चाचपून डाव्या खुर्चीच्या हातावर ठेवल्या.

शेवटी त्यांचा चेहरा बदलला. "अरारा… आपल्याच माणसाले लागला गा. देव्याचाच गुडघा. जोरात लागला." आणि हात काढून घेतला.

लाईट आली. टीव्ही सुरू झाला. पडद्यावर एका सौदी खेळाडूला स्ट्रेचरवरून नेत होते. मग रिप्ले दाखवला. सौदीचाच गोलकीपर उडी घेताना त्याचा गुडघा त्या खेळाडूच्या तोंडावर बसला होता. वर कोपऱ्यात स्कोअर होता. सौदी अरेबिया दोन, अर्जेंटिना एक.

मॅच मी संपू दिली. मग विचारलं. "देवराव, कोण बोलत होतं?"

"कोण म्हणजे? तोच."

"काय म्हणाले?"

"मॅच सांगितली."

"माझ्याबद्दल काही?"

देवरावांनी मान माझ्याकडे वळवली. "मॅच चालू असताना तो तुमच्याशी कधी बोलला का, वहिनी?"

मला रडू यायला हवं होतं. मला हसू आलं, मग दोन्ही. संगीता पिशव्या घेऊन दारात आली तेव्हा आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो आणि देवराव तिला विचारत होते की आज भाजी काय आणली.

आता माझी तपासणी. खालच्या मजल्यावर दवाखाना, तो दुपारी बंद. वरचे लोक लग्नाला गेलेले, कुलूप मी स्वतः जाऊन पाहिलं. शेजारी कोणी मोबाइलवर मॅच लावली असेल तर? विचारून आले, नव्हती लावली. आणि लावली असती तरी ती इंदोऱ्यावरून गेली नसती. देवरावांकडे मोबाइल नाही, रेडिओ नाही. अंदाजानं बोलले म्हणावं, तर त्या दिवशी सौदी जिंकेल असा अंदाज जगात कोणी केला होता? आणि तो गुडघा? खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या फोडी मात्र होत्या तशाच होत्या, त्यांना कोणी हात लावला नव्हता. हे मुद्दाम सांगते, नाहीतर मी गोष्ट रंगवते आहे असं वाटेल.

पुढचे सामने आम्ही फायनलपर्यंत पाहिले. लाईट नंतरही एकदोनदा गेली, पण देवराव गप्पच बसले, लाईट यायची वाट पाहत. कॉमेंट्री मी केली. सीताबर्डी, इंदोरा, कामठी, सगळं. फक्त गोलकीपरला देव्या म्हणणं मला जमेना. ज्यांना जन्मभर अहो-जाहो केलं त्यांना एकेरीत कशी हाक मारणार? म्हणून माझ्या कॉमेंट्रीत "देवरावांनी अडवला", "देवराव पुढे आले" असं असायचं. ते म्हणायचे, "वहिनी, इतका मान देता, गोल खायची लाज वाटून राहिली." आणि पुन्हा ताट साफ करू लागले. संगीतानं मला त्या वर्षी स्वतः विणलेला स्वेटर दिला.

कितीतरी विचार करून झाला, कपाट सापडलेलं नाही. ज्यांना सापडेल त्यांनी कळवावं. मी खरंच वाचीन. मला भीती कधीच वाटली नाही. थोडा मत्सर मात्र वाटला, तो अजून आहे. संसार मी केला आणि आवाज देवरावांना ऐकू आला.

यंदाचे सामने आपल्याकडे उजाडताना असतील, असं तुमचे बाबा म्हणाले. देवराव येणार आहेत. आता त्यांना ऐकायलाही कमी येतं, कानाशी जाऊन बोलावं लागतं. परवा संगीताबरोबर आले होते, डाव्या खुर्चीचा हात चाचपून बघितला आणि म्हणाले, "यावेळी तो आला तर तुमालेच ऐका लागन, वहिनी. अन् मले सांगा."

म्हणून मी येत नाही, निहार. स्टेडियममध्ये तुम्ही जा, हाफ टाईमला संत्रं खा, तिकडे जसं मिळेल तसं. इथे लाईट गेलीच, तर मी फोन लावायला आत जाणार नाही. जागेवर बसून राहीन.