एकाच हाताच्या पाच तपासण्या

फसवली गेली माझी आत्या, आयुधपूजेच्या आदल्या शुक्रवारी सकाळी, म्हैसूरच्या नजरबाद भागात. गिऱ्हाइकांना सावध करणारी पत्रकं वाटणारी मी शेजारीच उभी होते. आजारी नवऱ्याला हॉस्पिटलात न्यायला-आणायला तिला जुनी गाडी हवी होती. विकणारा अगदी घरच्यासारखं मराठी बोलला. आम्हा म्हैसूरच्या मराठी लोकांना तेवढं पुरतं. भाषा जुळली की कागद कोणी वाचत नाही.

मी गाडीसोबतची तपासणीची वही उघडली. पाच वर्षांच्या पाच नोंदी, शिक्के तीन वेगवेगळ्या गॅरेजांचे, पण अक्षर एकच आणि शाईही एकच. ब्रेक दरवेळी ‘उत्तम’.

“आत्या, हे सगळं एका बैठकीत लिहिलंय.”

“सुम्ने, उगाच संशय घेऊ नकोस गं. आपल्यातला माणूस आहे. तुझी पत्रकं बाहेर वाट जा.”

विकणाऱ्याने हसून किल्ली तिच्या हातात ठेवली.

आयुधपूजेला गाडीची पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडली. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या उतारावर ब्रेक लागलेच नाहीत. गाडी भिंतीवर आदळली आणि आधीच आजारी असलेल्या माणसाचा हात मोडला.

तुम्ही जुनी गाडी घेणार असाल तर विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. वहीत शिक्का असलेल्या प्रत्येक गॅरेजात स्वतः जा, त्यांच्याकडची नोंद मागा, आणि ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किल्लीला हात लावू नका.