मामाच्या जागी गुलाब

समस्त विवाहित आणि विवाहेच्छू जनांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, लग्न मांडवात लागत नाही. ते एडिटिंगच्या टेबलावर लागतं. लग्नाला कोण आलं होतं, हेही तिथंच ठरतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. टेमघरला माझी एडिटिंगची खोली होती. शेजारी कापडाच्या लूमची खडखड, म्हणून कानाला कायम हेडफोन. कॅसेटवरचं लग्न कॉम्प्युटरवर घ्यायचं, कंटाळवाणं कापायचं, गाणी टाकायची आणि गिऱ्हाईक सांगेल तिथं फुलं फुलवायची.

एकदा एका नवरीचे वडील स्टूल ओढून शेजारी बसले. "पोरीचा मामा दिसायला नको. एका पन ठिकानी न्हाय!"

कारण मानपान. मानाची टोपी मामाला मिळाली ती नवरदेवाच्या ड्रायव्हरनंतर. त्यानं ती घातली, अक्षता पडेपर्यंत कसाबसा थांबला आणि न जेवता निघून गेला.

मी कापला तेवढा कापला. पण मंगलाष्टकांना मामा भाचीच्या पाठीशीच उभा; त्याला उडवायचं तर नवरीही जाते! मग त्याच्या तोंडावर एक टपोरा, गरगर फिरणारा गुलाब बसवला. वडील खूश.

सीडी द्यायला गेलो. अंगणात टीव्ही, सगळी आळी जमलेली आणि पहिल्याच खुर्चीत मामा! आदल्या आठवड्यात नवरीच्या आईनं भावाला आणि नवऱ्याला वज्रेश्वरीला नेऊन देवीसमोर समेट घडवला होता. मला कोण सांगणार? मी नवरीच्या वडिलांकडे पाहिलं. त्यांना गुलाब तेव्हा आठवला. चेहरा पांढराफटक! तोवर कुणीतरी माझ्या हातातली सीडी घेऊन लावलीसुद्धा.

हळद झाली. मंगलाष्टकं आली. नवरीच्या खांद्यांवर दोन हात. त्या हातांच्या वर गुलाब, गरगरतोय. आणि गुलाबाच्या डोक्यावर, थोडी तिरकी, ती मानाची टोपी.

नवरीच्या आईनं पदर तोंडाशी धरला. महिनाभर रडून जोडलेलं माहेर तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा तुटत होतं.

मामा उठला. टीव्हीजवळ जाऊन गुलाब नीट न्याहाळला. मग वळून मोठ्यानं म्हणाला, "भावजी, मला काढलंत ते काढलंत, पन टोपी मात्र मानानं ठेवलीत हां!"