आपल्या कामावर आपलाच शिक्का

नागनाथराव शिरोळकरांच्या हातात काहीही दिलं, की ते आधी त्यातली चूक शोधत. लग्नपत्रिका आली तर अगोदर शुद्धलेखन, मग नवरा कोण आणि नवरी कोण. कुणाच्या वास्तुशांतीला गेले तर प्रसादाचा द्रोण हातात धरून, दाराची चौकट कुठे कलली आहे ते यजमानाला तिथल्या तिथे सांगत. माणूस खडूस म्हणून सोडून द्यावं, तर त्यांनी आयुष्यभर पगारच चुका शोधण्याचा घेतला होता. बेंगळुरूच्या सरकारी विमान कारखान्यात ते इंजिन तपासणीला होते. शिरोळचा हा मुलगा डिप्लोमा करून इकडे आला आणि मुरुगेशपाळ्यात छोटं घर बांधून इथलाच झाला. त्यांच्या मराठीत ‘ठीक’च्या जागी कानडी ‘सरी’ आणि ‘थोडं’च्या जागी ‘स्वल्प’ कधी शिरलं, ते त्यांनाही कळलं नाही.

कारखान्यातला एक नियम त्यांनी देवासारखा मानला होता. ज्याने काम केलं, त्याने ते तपासायचं नाही. फिटर कितीही पट्टीचा असो, नट त्याने आवळला की शिक्का दुसऱ्याने मारायचा. “आपल्या पोरात आणि आपल्या कामात माणसाला खोट दिसत नाही,” असं ते नव्याने भरती झालेल्यांना सांगत, आणि ते खरंच होतं.

घरी शिक्का मारायचं काम त्यांच्या बायकोचं, शुभदाताईंचं. लहानपणी पोलिओ होऊन त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली वाळला होता. लग्न ठरलं तेव्हा शिरोळला बरीच कुजबुज झाली. नागनाथरावांना सगळ्यात खोट काढायची सवय, पण या मुलीत त्यांनी ती काढली नाही, आणि कुजबुजणाऱ्यांना ते मुळीच आवडलं नाही. पुढे कारखान्यात आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परत निघाला, तेव्हा त्याची पांढरी जपानी गाडी नागनाथरावांनी विकत घेतली. गाडी ऑटोमॅटिक होती. त्या काळात गल्लीतले लोक खिडकीतून डोकं घालून विचारायचे, “क्लच कुठाय?” क्लच नव्हताच. म्हणजे डाव्या पायाला काम नव्हतं, आणि नेमकी तेवढ्यासाठीच ती गाडी घेतली होती.

शुभदाताई महिन्याभरात गाडी शिकल्या. ज्या बाईला बसच्या पायरीवर कंडक्टरने दंडाला धरून वर ओढायचं, ती स्वतः चाक धरून मल्लेश्वरमच्या बाजारात जाऊ लागली. नागनाथराव मात्र चालवण्यात ढ ते ढच राहिले. तेव्हापासून घरात ठरूनच गेलं, गाडी तिची आणि इंजिन त्यांचं. ते गाडीखाली शिरायचे आणि त्या शेजारी स्टुलावर बसायच्या. काढलेला प्रत्येक भाग ते वर दाखवायचे, त्या त्यावरून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, “सरी.” त्याशिवाय नवा भाग बसत नसे. नवराबायकोचं बोलणं म्हणजे बरंचसं हेच होतं, आणि दोघांनाही ते पुरत होतं.

आता त्या गाडीच्या वयाच्या गाड्या भंगारातसुद्धा दिसत नाहीत. शुभदाताई मात्र दर शनिवारी तीच घेऊन बेळ्ळंदूरला जात. त्यांचा मुलगा निहार तिथल्या एका उंच सोसायटीत राहतो. पुण्या-नागपूरहून आलेल्या आयटीवाल्यांच्या मुलांना त्या तिथल्या हॉलमध्ये मराठी शिकवत. मुलं त्यांना ‘ड्रायव्हर आजी’ म्हणत. हे नाव त्यांना इतकं आवडायचं, की घरी येऊन त्या ते दोनदा सांगत.

त्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या चकचकीत फरशीवर एका शनिवारी तेलाचा डाग पडला. लगेच ग्रुपवर फोटो आला, खाली लोकांचे रागाचे चेहरे आले, आणि निहारने घरी फोन केला.

“आई, इट्स एम्बॅरसिंग यार. पुढच्या वेळी एक थेंब जरी पडला ना, तर गाडी आत घेणार नाहीत. आणि खरं सांगू? तू आता ड्रायव्हिंग बंद कर. आपण नवी गाडी घेऊ, ड्रायव्हर ठेवू. तू मागे आरामात बस.”

“मागे बसायला मी काय पार्सल आहे?” शुभदाताई म्हणाल्या. फोन ठेवून त्या बाहेर गाडीपाशी जाऊन आल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, तेवढी गळती थांबवा. बाकी मी बघते.”

गळती कुठून होते ते नागनाथरावांनी वासावरून आणि बोटाला लागलेल्या तेलावरून ओळखलं. गिअरबॉक्सचं तेल लालसर असतं, हे काळं होतं, इंजिनाचं. ऑइल फिल्टरची रिंग कडक झाली होती. फिल्टर म्हणजे डालड्याच्या डब्यासारखा पत्र्याचा छोटा डबा, तोंडाशी रबराची रिंग, आणि फिरवून इंजिनाला बसवायचा. काम अगदी सोपं. फिल्टर मिळवणं तेवढं अवघड होतं. जे. सी. रोडवर सुट्या भागांचं दुकानामागून दुकान पालथं घालून त्यांनी मापाचा फिल्टर आणला आणि जग जिंकल्यासारखे घरी आले.

आता खरं तर स्टूल मांडायला हवं होतं. पण नागनाथरावांच्या मनात एक सल होता. त्यांना काचबिंदू झाला होता. दोन्ही डोळ्यांची नजर कडेने खात खात आत येत होती, आणि त्यांनी ते डॉक्टरांशिवाय कुणाला कळू दिलं नव्हतं. मागच्या वेळी पाण्याच्या नळीची क्लॅम्प ढिली राहिली होती. निहारसमोरच शुभदाताई सहज बोलून गेल्या, “अहो, दिसत नाही का तुम्हाला?” त्या विसरल्यासुद्धा, यांनी मात्र ते काळजाशी धरून ठेवलं. दुसऱ्यांच्या चुका काढत जन्म घालवलेल्या माणसाला स्वतःची एक चूक पचत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

म्हणून त्यांनी शुक्रवार निवडला. शुभदाताई शेजारच्या प्रेमाक्काकडे सांडगे घालायला गेल्या, तेव्हा ते गाडीखाली शिरले. जुना फिल्टर फिरवला, निघाला. तेल खाली बशीत धरलं. फिल्टरचं तोंड त्यांनी नीट पाहिलं नाही, की पाहूनही दिसलं नाही, ते तेच जाणोत. जुनी रिंग फिल्टरबरोबर निघालीच नव्हती. ती इंजिनालाच चिकटून राहिली होती, काळ्यावर काळी. नव्या फिल्टरच्या रिंगला तेलाचं बोट लावून त्यांनी तो तसाच तिच्यावर चढवला आणि आवळला. अशा दोन रिंगा तेलाच्या जोराने सरकतात, आणि रिंग मागे राहिली हे काढलेला फिल्टर उलटा करून बघितल्यावर पहिल्या वर्षाच्या शिकाऊलाही कळतं. कितीतरी जणांना त्यांनी स्वतः हे शिकवलं होतं.

इंजिन सुरू करून त्यांनी खाली वर्तमानपत्र पसरलं. कागद कोरडा राहिला. गाडी जागेवर उभी असताना तेलाला जोर कमी असतो, हेही त्यांना ठाऊक होतं. पण कोरडा कागद बघून माणूस खूश झाला, आणि बायको परत आल्यावर म्हणाला, “झालं काम.”

“मला हाक नाही मारलीत?”

“एवढ्याशा कामाला काय हाक मारायची?”

शुभदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि “सरी” म्हणाल्या. या वेळी बोट कशावरच फिरलं नव्हतं.

शनिवारी नागनाथरावही गाडीत बसले. तळघरातली कोरडी फरशी निहारला दाखवायची त्यांना हौस होती. मारतहळ्ळीपर्यंत गाडी छान आली. रिंग रोडला लागल्यावर, नशिबाने किंवा दुर्दैवाने, त्या दिवशी रस्ता मोकळा मिळाला आणि शुभदाताईंनी वेग वाढवला. काडुबीसनहळ्ळीच्या जवळ त्या म्हणाल्या, “अहो, तेलाचा दिवा लागलाय.”

नागनाथरावांना दिवा दिसला नाही. ते म्हणाले, “वायर जुनी झाली असेल.”

“थांबू का कडेला?”

इथे ‘थांब’ म्हणायला काय लागत होतं? दोन अक्षरं. कारखान्यात कुणी लाल दिव्याला वायर जुनी म्हणाला असता, तर त्याला यांनी दारातून बाहेर काढला असता. पण थांबायचं म्हणजे वाकून बघायचं, आणि बघायचं म्हणजे तिला हाक मारायची.

“मी कालच केलंय ना सगळं? चल तू.”

त्या चालल्या. नवरा चल म्हणाला की त्या चालत, कारण इंजिनाच्या बाबतीत तो कधी चुकला नव्हता. थोड्याच वेळात बॉनेटखाली टकटक सुरू झाली, तिचा खडखडाट झाला, आणि एक कर्कश आवाज होऊन सगळं शांत झालं. तेलाशिवाय इंजिन आवळून बसलं होतं. मागे हॉर्नचा गोंधळ उठला. एक रिक्षावाला गाडी बाजूला घ्या म्हणून ओरडला, “अम्मा, स्वल्प पक्कक्के हाकी!” त्यानेच उतरून आणखी दोघांना गोळा केलं आणि गाडी ढकलत कडेला लावली. मागे रस्त्यावर तेलाचा काळा पट्टा लांबपर्यंत दिसत होता.

नागनाथराव रस्त्यावर आडवे झाले. फडकं गुंडाळून त्यांनी हात आत घातला. बोटाला एक रिंग लागली, आणि तिच्या खालून बाहेर फुगून आलेली दुसरी. डोळ्यांनी सांगितलं नव्हतं ते बोटांनी सांगितलं. दुसरी रिंग ओढून काढून ते उठले आणि त्यांनी ती बायकोपुढे धरली. शुभदाताईंनी रिंग पाहिली आणि मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. सगळं त्यांना त्याच क्षणी कळलं, डोळ्यांचंसुद्धा.

“कधीपासून दिसत नाही?” त्यांनी विचारलं.

“झालं वर्ष.”

“मला सांगायचं नाही?”

शुभदाताईंनी रिंग त्यांच्या हातातून घेतली आणि रस्त्याकडेच्या गटारात टाकून दिली.

निहार स्कूटरवरून आला. घाबरला होता, आणि माणसं घाबरली की ओरडतात, तसा ओरडू लागला. “असं कसं झालं? लाइट आला असेल ना? आई, लाइट आला होता का?”

नागनाथराव बोलायला पुढे झाले. तेवढ्यात शुभदाताई म्हणाल्या, “आला होता रे. माझंच लक्ष नव्हतं.”

“लक्ष नव्हतं? रेड लाइट आला आणि तुला दिसला नाही? बाबा शेजारी होते म्हणून नशीब. आई, ब्रेक लागले नसते तर? कुणी खाली आलं असतं तर? बास झालं आता. मी याआधी रिक्वेस्ट केली, आता सांगतोय. यापुढे कुठलीच गाडी तू चालवायची नाहीस. नवी नाही, जुनी नाही, कुठलीच नाही.”

वाद घालायला शुभदाताईंचं तोंड काही कमी नव्हतं. पण वाद घालायचा तर खरं सांगावं लागलं असतं. त्यांनी एकदाच नवऱ्याकडे पाहिलं. मागितलं काहीच नाही, पण वाट पाहिली.

आयुष्यभर परक्यांच्या चुका भर सभेत सांगणारे नागनाथराव उभे होते. ‘तिने विचारलं होतं, मीच चल म्हणालो,’ एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तिचं चाक कदाचित वाचलं असतं, आणि यांचं इंजिन कायमचं गेलं असतं. गाड्या शेजारून धाडधाड जात होत्या. त्यांनी तोंड उघडलं.

“निहार,” ते म्हणाले, “पाणी आहे का रे तुझ्याकडे? घसा सुकलाय.”

निहारने बाटली दिली. शुभदाताईंनी पर्समधून लायसन्स काढलं, मुलाच्या हातात ठेवलं, आणि डावा पाय ओढत मघाच्या रिक्षाकडे निघाल्या. पायरीशी येऊन त्या थांबल्या. रिक्षावाल्याने दंडाला धरून त्यांना वर घेतलं.