रुपरावांनी फोडलेलं गुपित

हातात नोकरी असताना दुसरी शोधायची, तर मांजराच्या पावलांनी शोधावी. मेघाला हे पक्कं ठाऊक होतं. कोराडीच्या वीज केंद्रात येणारा कोळसा तपासणाऱ्या एका ठेकेदाराच्या लॅबमध्ये ती होती. ठेका संपत आला होता. नवा ठेकेदार मोजकीच जुनी माणसं ठेवणार, आणि ती कोण, हे सुपरवायझर चंपतराव सांगणार, अशी कुजबुज होती. ही तशीही जाणारच आहे असं त्यांना कळलं, तर पहिली काट तिच्याच नावावर. वडील रुपराव त्याच केंद्रात जन्मभर ठेक्यावर राबून घरी बसलेले, पेन्शनचं नाव नाही. हुडकेश्वरचं घर मेघाच्याच पगारावर चालत होतं.

पुण्याच्या मावसभावाने, पियुषने, तिचं लिंक्डइनचं प्रोफाइल पाहिलं आणि कपाळावर हात मारला. फोटो मैत्रिणीच्या लग्नातला, खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात. खाली लिहिलेलं एवढंच, लॅबमध्ये काम. मग मेघाने अॅप्रन घालून घरच्या भिंतीपुढे नवा फोटो काढला. नमुना कसा घेते, कोळसा भट्टीत जाळून राख किती निघते ते कसं काढते, ट्रकवाल्यांशी वाद झाला तर तो कसा मिटवते, सगळं लिहिलं. आपल्याच तोंडाने आपलं कौतुक करताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण लिहिलं. नोकरी शोधते आहे, ही गोष्ट मात्र फक्त माणसं नेमणाऱ्या रिक्रूटरनाच दिसेल अशी खूण केली. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरंच एका सिमेंट कंपनीच्या बाईंचा निरोप आला, उद्या दुपारी फोन करते.

आनंदाच्या भरात तिने ते प्रोफाइल बाबांना पाठवलं. तिथेच माशी शिंकली.

रुपरावांना आयुष्यातली सगळी कामं चहाच्या टपरीवर चार माणसांना विचारून मिळालेली. बोलणाऱ्याची अंबाडी विकली जाते, न बोलणाऱ्याचे गहू विकले जात नाहीत, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लेकीचे गहू पडून राहू नयेत म्हणून त्यांनी ते प्रोफाइल जुन्या कोराडीकरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिलं. वर लिहिलं, 'माही मेघा नवी नोकरी पाहून राहिली. कोनाच्या ओळखीत असन त सांगजा.' दुसऱ्या दिवशी डबा खाताना मेघाला त्यांनी कौतुकाने त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली अंगठ्यांची रांग होती आणि त्यात एक अंगठा चंपतरावांचा होता.

मेघाने डबा बाजूला सारला. तिने घरी फोन लावला.

"बाबा, काहून केलं गा असं?"

"चांगल्यासाठीच केलं वं," रुपराव म्हणाले. काय बिघडलं हे त्यांना अजून कळलंच नव्हतं. अशा भाबड्या माणसावर रागवायचं तरी कसं? ती रागावलीच. फोन ठेवला आणि मग त्याचंही वाईट वाटलं.

तेवढ्यात चंपतरावांनी केबिनमध्ये बोलावल्याचा निरोप आला. ती गेली. त्यांनी दार लावून घेतलं. टेबलावर त्यांचा मोबाइल होता आणि त्यात अॅप्रनमधली मेघा.

"हे तू सोता लिहिलं?"

"हो सर."

ते बराच वेळ वाचत राहिले. ती मनात माफीची वाक्यं जुळवत होती, एकही जुळत नव्हतं.

"तुह्यं नाव मी कालच देल्लं, राहू द्या म्हणून," ते म्हणाले. "पण नवा ठेकेदार सुपरवायझर आपलाच आणून राहिला. म्या चाललो, पोरी. घरी अजून सांगतलं नाही." त्यांनी मोबाइल तिच्याकडे सरकवला. "माह्यं बी असंच करून देशीन का?"

ज्या माणसाला ती महिनाभर भीत होती, त्याच्याकडे तिने आता नीट पाहिलं. मिशी ताजी रंगवलेली होती. ती हो म्हणणार, तोच तिच्या अॅप्रनच्या खिशात फोन वाजू लागला. नंबर अनोळखी होता. तिने हात लावला नाही.

"उचल," चंपतराव उठत म्हणाले. "भट्टी म्या पाहतो."

दाराशी ते थांबले. मागे न बघताच म्हणाले, "अन् माह्यं लिहिशीन तवा वय नको लिहू."